पाच दिवस रंग बंद होता तरी

बाबा, काका अजून मला पत्रातून तेच लिहितात, की बापाला कापायला लावून मी मारलं. त्यांना मी उत्तर देत नाही. तुम्हाला लिहितो, तुम्हाला लिहायला पत्ता लागत नाही. मी चौथी नापास, इथे आसामात तेलाच्या विहिरीवर पाइप ओढतो, पण तुमच्या आजारातलं मला काकांपेक्षा जास्त कळतं.

तुम्ही मिलच्या रंगखात्यात. लाल रंगाचा दिवस असला की घाम लाल, थुंकी लाल, लघवीसुद्धा लाल. खात्यातले सगळे त्यावर हसायचे. म्हणून मोरीत लाल दिसलं तरी तुम्ही म्हणायचात, "काल लाल होता रे. उद्या निळा आहे, उद्या बघ." मग संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, लालबाग-परळ सगळं बंद. पाच दिवस तुम्ही रंगाला हात लावला नाही. पाचव्या दिवशीही मोरी लाल. तुम्ही दारात उभे राहून माझ्याकडे बघता, आणि थट्टा करत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मूत्राशयाचा कॅन्सर. नेहमीचा असता तर आतून जाळून काढला असता, म्हणाले, पण ही जात क्वचित सापडते, खोल शिरते. पिशवीच काढायची, लघवी आतड्यात सोडायची.

"जगतील?"

"असे दोनच पेशंट पाहिलेत मी. दोघंही गेले. पण दोघंही फार उशिरा आले होते. नक्की मलाही सांगता येत नाही."

दोघांवरून तिसऱ्याचं ठरतं होय? मी खाटेपाशी येऊन सांगितलं, दोघंही बरे झाले, कामाला लागले. काका म्हणाले, "ह्याला काय कळतंय? गावी नेऊ, देवाला कौल लावू." तुम्ही मलाच विचारलंत, "कामाला कुठे?"

"एक ट्रामवर कंडक्टर आहे."

तुम्ही ऑपरेशनच्या कागदावर अंगठा दिलात.

चौदा महिने मिळाले. पहिले चार वाईट गेले, अंगाला वास यायचा, तुम्ही चारचौघांत बसायला लाजायचात, ते मी नाकारत नाही. पण पुढचे दहा तुमचे होते. मोर्च्याला गेलात, धाकटीचं लग्न लावलंत. गावी नेऊन काकांनी एवढं दिलं असतं? पुन्हा वेळ आली तर पुन्हा खोटंच सांगीन.

एक गोष्ट काकांनाही माहीत नाही. शेवटी तुम्ही परत वॉर्डात होता, तेव्हा शेजारच्या खाटेवर मिलमध्ये मागावर काम करणारा एक तरुण साचेवाला आला होता. तुमचाच आजार, तीच जात, आणि ऑपरेशनला नाही म्हणत होता. तुम्ही त्याला म्हणालात, "अरे, दोघं बरे झाले. एक तर ट्रामवर आहे. मीपण वर्ष काढलं की." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो, तुम्हाला पाणी ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने अंगठा दिला. तुम्ही गेल्यावरही महिनाभर मी रोज त्या हॉस्पिटलावरून जात होतो. त्याचं पुढे काय झालं, ते विचारायला मी आत गेलो नाही.