धुऱ्यावरची राख

१६ जानेवारी
आजपासून राखणीची पाळी सुरू. हरभऱ्याला घाटे धरले आणि वानरं जंगलातून उतरू लागली. आमचं वावर आणि किसनकाकांचं वावर लागून आहे, मध्ये बांधाचा एक धुरा. बाबांनी आणि काकांनी ठरवलं की दोन्ही वावरं मिळून राखायची. एक दिवस मी, एक दिवस काकांचा नितीन (पुढे नि. लिहीन). मी म्हणालो, रोज मीच बसतो. बाबा म्हणाले, "एकटा बसून बसून भूत होशीन लेका. थ्या पोरासंग बोलत जाय जरा."
अकरावी सोडून वर्ष झालं. घराबाहेर कोणाशी शेवटचं पूर्ण वाक्य कधी बोललो, आठवत नाही.

१७ जाने.
नि.ची पाळी. तरी गेलो. कपाशीच्या पऱ्हाटीआडून पाहिलं. तो त्याच्याच वावरात, कानात वायर. आमच्या लांबच्या कोपऱ्याकडे एकदाही गेला नाही. नंतर गेला असेल. मी तासभरच होतो.

१८ जाने.
माझी पाळी. नि. धुऱ्यावरून जाताना थांबला. "काहून बे पवन, कालेज काहून सोडलं?" मी म्हणालो, असंच.
दहावीत एकाला खरं सांगितलं होतं, की वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मला उलटी होते. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग ओकारीचे आवाज काढत होता. आता 'असंच' पुरतं.

१९ जाने.
सकाळी नि. यायच्या आधी चुलीतली राख चाळून नेली. कोपऱ्याकडे जाणाऱ्या, धुऱ्यावरच्या पायवाटेवर हातभर रुंद पसरली. उडू नये म्हणून कडेला पाच दगड मांडले. तो फेरी मारेल तर पाय उमटेल.
संध्याकाळी पाहिलं. एकही पाऊल नाही.

२१ जाने.
पुन्हा राख कोरी. कोपऱ्यातल्या दोन ओळींचे घाटे खाल्लेले. बाबांना सांगितलं. बाबा किसनकाकांकडे जाऊन आले. राखेचं काढलं नाही, एवढंच म्हणाले की तुमचा पोरगा तिकडं फिरकत नाही. काका म्हणाले, "मंग ज्याचं त्यानं पाहा." पाळी मोडली.
बरं वाटलं. खरं तेच लिहितो.

२२ जाने.
नि. सरळ आमच्या वावरात आला.
"मी फिरकत नाही म्हनतं?"
मी घाटे चाचपत राहिलो.
"अबे, थ्या वाटेवर कोनं तरी उतारा टाकला होता. राख अन् पाच दगड. वलांडाव कसा? मी खालून नाल्यातून जात होतो, बोरीच्या काट्यातून. हे पाह्य." पँट वर केली. दोन्ही पोटऱ्यांवर ओरखडे, काही ताजे. "वांदरं हाकलता हाकलता दोन ओळी गेल्या, कबूल हाय. पन फिरकलो नाही?"
जाता जाता म्हणाला, "तुले तवाच सांगनार होतो उताऱ्याचं. मंग म्हटलं, तू एकटा बसतं इथं. भेशीन."

२३ जाने.
'राख मी टाकली होती.' चार शब्द. लिहिता येतात. तो दिवसभर पलीकडे होता. कानात वायर नव्हती.

२५ जाने.
धुऱ्यापर्यंत गेलो. म्हणालो, "राख माही होती."
"म्हंजे?"
"उतारा नव्हता. तू फिरतं का नाही, ते पाहाले."
त्याने खाली पोटऱ्यांकडे पाहिलं. मग, "तुह्या चुलीच्या राखेपाई मी काट्यात हिंडलो!" हसला, पण नीट नाही. "मंग आता हाय का भरोसा?"
हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "माहीत नाही."
"खरं तं बोलला," म्हणाला आणि गेला.
चांगल्या अर्थाने म्हणाला की वाईट? रात्रभर तेच डोक्यात.

२७ जाने.
नि.ने धुऱ्यावरूनच हाक मारली. "उद्या मायले घेऊन उमरखेडले जातो, डाक्टरकडं. बाबा बी गावात नाहीत. आमच्याकडं पाहशीन?"
"पाहतो."
माझ्याशिवाय कोणी मोकळं नसेल. तेवढंच असेल.

२८ जाने. (वावरातच लिहितो आहे.)
दुपारी वानरं दोन्हीकडून एकदम उतरली. पंधरा-वीस. मी आधी नि.च्या वावरात धावलो. का, सांगता येत नाही. ओरडून घसा बसला. आमच्याकडे पोहोचेपर्यंत चार ओळी साफ. त्याच्याकडे एक घाटा गेला नाही.
बाबा विचारतील. नि.ला सांगितलं तर उपकार दाखवल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर आमचं वावर पाहून म्हणेल, याले राखताच येत नाही.
साडेपाच. फाट्यावर गाडी थांबली. दोघं उतरले. आईला लिंबाखाली बसवलं. तो घराकडे वळला नाही, इकडेच येतो आहे.
वाक्य तयार नाही.