दुसऱ्या कडव्यापर्यंत

आत्या,

मी तुमच्या थोरल्या भावाचा मुलगा. वय पंचावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर. धाराशिवच्या एका महाविद्यालयात तोच विषय शिकवतो. तुम्हाला जाऊन तीस वर्षे झाली. त्याआधी काही महिने मी तुमच्यापाशी एक विधान केले होते. ते खोटे होते. ते दुरुस्त करावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे. उशीर झाला हे मान्य आहे.

निमित्त काल सकाळचे. रेडिओवर आठवड्यातून एकदा जुनी भावगीते लावतात. त्यात तुमचे गाणे लागले. अंगणातल्या जाईला विचारत विचारत, सासरी गेलेल्या सखीची आठवण काढणारे ते गाणे. शब्द साधे, चाल जरा रडवी. आज माझ्या वर्गातली मुले ऐकतील तर हसतील. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. हातातली लेखणी थांबली आणि मला आपल्या कळंबच्या घराचे माजघर दिसू लागले. आठवणी क्रमाने लावून ठेवणे माझ्या स्वभावात आहे, पण या एका बाबतीत क्रम मी लावलेला नाही, तो त्या गाण्याने लावला.

तबकडी वडिलांनी बार्शीहून आणली होती. तेव्हा बार्शी म्हणजे दुसरे राज्य. आपण निजामाच्या हद्दीत, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आणि पुढे घरापर्यंत बैलगाडीची वाट. त्या वाटेत कुठेतरी तबकडीला चरा पडला. पहिले कडवे स्वच्छ वाजायचे. दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ अर्ध्यावर आली की सुई उडायची आणि थेट चौथ्या ओळीच्या शेवटावर जाऊन पडायची. तुम्ही गाणे त्या तबकडीवरून उचललेत. तुमच्यापाशी पेटी होती, तुमच्या यजमानांची. ते भजनात वाजवायचे. ते गेल्यावर तुम्ही भावाच्या घरी परत आलात, तेव्हा एक ट्रंक आणि ही पेटी एवढेच तुमच्याबरोबर आले. सुई उडायची त्या जागी तुम्ही पेटीवर चार सुरांची एक पायरी बसवलीत. तिसऱ्या ओळीच्या अर्ध्यावरून त्या पायरीने उतरायचे आणि चौथीच्या शेवटाला लागायचे. ऐकणाऱ्याला तिथे काही राहिले आहे अशी शंकाही येत नसे.

मुलगी पाहायला पाहुणे आले की गाणे विचारायचेच, असा तो काळ. गावातल्या मुलींना एक गाणे यावे लागे, आणि ते एक गाणे तुम्ही शिकवत होता. दुपारी जेवणे उरकली की आया आपल्या पोरींना घेऊन मागच्या दाराने यायच्या. "आक्का, हिला जरा बसवा की. आठ दिसांनी भूमचे पाव्हणे येणार हायेत." तुम्ही म्हणायचात, "आठ दिसांत गाणं बसंल, पर हिचं तोंड उघडाया महिना लागंल." ज्या मुलीची पाळी नसे ती भिंतीशी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायची. त्या फोडलेल्या शेंगा हीच तुमच्या शिकवणीची फी. मी दारातून जाता येता पाहतो, तुमचा डावा हात भात्यावर, पदर कपाळापर्यंत, आणि मान न वळवता तुम्ही म्हणता, "श्वास तिथं न्हाय घ्यायचा, बाई. पायरी उतर, मग घे."

तुम्ही स्वतः कधी मुलगी पाहण्याच्या बैठकीला गेला नाहीत. विधवा बाईने अशा वेळी पाहुण्यांसमोर यायचे नसे; आपल्या घरीही नाही, लोकांच्या घरी तर नाहीच. तुम्हाला कळायचे ते दुसऱ्या दिवशी, मुलीच्या आईकडून. तुमचा प्रश्न ठरलेला होता. पसंत पडली का, असे तुम्ही विचारत नव्हता. "कुठवर गायली?" एवढेच विचारायचात. कारण पाहुणे बहुधा पहिल्या कडव्यावरच 'पुरे' म्हणत. मन बसले असेल तरच पुढचे ऐकत. "दुसऱ्या कडव्यापर्यंत गेली म्हंजे जमलं," हा तुमचा अंदाज, आणि तो चुकल्याचे कोणी सांगितलेले मला आठवत नाही. घरात तुमच्या शब्दाला इतर कशातच वजन नव्हते. भाजी कोणती करायची, हेही माझी आई ठरवी. या एका अंदाजासाठी मात्र गावातल्या बायका तुम्हाला शोधत येत.

मग मी पुण्याहून पदवी घेऊन आलो. तेवीस वर्षांचा होतो. पुण्यात एका मित्राच्या बिऱ्हाडी मी त्याच गाण्याची चरा नसलेली तबकडी ऐकली होती. त्या दुपारी तीन मुली बसल्या होत्या. तुमची पायरी आली आणि मी दारातूनच म्हणालो, "आत्या, हे चुकीचे आहे. इथे दीड ओळ सुटते." ती दीड ओळ मी म्हणूनही दाखवली. एक मुलगी हसली. तुम्ही भात्यावरचा हात काढला.

"सुई उडती त्ये मला म्हाईत न्हाय व्हय?" तुम्ही म्हणालात. "कान हायेत की मला. पर तिथं काय हाय, त्ये मला कोण सांगणार? मी का पुण्याला गेल्ते?"

"म्हणून तर मी सांगतो आहे."

"सांगितलंस. लई बरं केलंस." तुम्ही पेटीचे झाकण लावलेत आणि मुलींना म्हणालात, "आता ह्याच्याकडनं शिका गं. ह्यानं पुरं गाणं आणलंय."

मला वाटले, ही एका दिवसाची नाराजी. ती नव्हती. पुढे आया आल्या की तुम्ही सांगायचात, "मला अर्धंच येतं." त्या परत जायच्या. काही महिन्यांत मागच्या दाराने कोणी येईनासे झाले, आणि शेंगा तुम्ही एकट्याच फोडू लागलात. माझी चूक कोणती हे मी पुष्कळ दिवस शोधत होतो. कारण मी बोललो ते अक्षरशः खरे होते.

दोन वर्षांनी धाराशिवला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो. वडील, काका आणि मी, मोटारीने. तुम्ही अर्थातच नव्हता. मुलीच्या वडिलांनी पेटी पुढे ठेवली आणि तिने पहिला सूर लावताच मी ओळखले, गाणे तुमचे. कळंबची एक मुलगी या मुलीच्या मावसभावाला दिली होती. तिच्याकडून हे इथे पोचले होते, असे नंतर समजले. पहिले कडवे झाले. वडील म्हणाले, "बास, छान." मी म्हणालो, "पुढचे म्हणू द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिले. "आरं, पोरीला दम तर खाऊ दे."

ती गायली. तिसरी ओळ अर्ध्यावर आली. चार सूर, तीच पायरी. तिने ती उतरली आणि मग श्वास घेतला, तुम्ही सांगत होता तिथे. मी तिच्या हाताकडे इतका टक लावून पाहत होतो, की दाराआडून तिच्या आईने विचारले, "काई चुकलं का?"

मी म्हणालो, "नाही. बरोबर आहे."

आयुष्यात चूक समोर दिसत असता तिला बरोबर म्हणण्याचा माझा तो पहिला प्रसंग. विशेष म्हणजे, मला त्यात खोटे बोलल्यासारखे वाटले नाही.

घरी आलो तेव्हा तुम्ही चुलीपाशी भाकरी थापत होता. दोन वर्षांत तुम्ही गाण्याचा विषय काढला नव्हता. त्या दिवशी काढलात. तव्यावरची नजर न काढता विचारलेत, "गायली का?"

"गायली."

"कुठवर गायली?"

दुसऱ्या कडव्यापर्यंत, असे म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता. कोणते गाणे, ती पायरी घेतली का, आणि तू काय म्हणालास. त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्यासमोर देण्याची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "एका कडव्यावर थांबवले."

"मंग न्हाय जमायचं."

"जमले आहे, आत्या. वैशाखात लग्न धरायचे म्हणतात."

तुम्ही भाकरी उलटलीत. म्हणालात, "मंग माझा अंदाज चुकला म्हणायचा." तेवढेच. मी हातपाय धुवायला निघून गेलो.

लग्न वैशाखात झाले नाही. रझाकारांचा धाक वाढला आणि पुष्कळ घरांप्रमाणे आपलेही घर हद्द ओलांडून बार्शीला गेले. दोन खोल्यांत अकरा माणसे. पेटी कळंबलाच राहिली होती. बार्शीतच तुम्हाला ताप आला आणि सहाव्या दिवशी, भर दुपारी, तुम्ही गेलात. त्या सहा दिवसांत तुमच्या उशाशी मी रोज बसत होतो. एक वाक्य बोलायला वेळ नव्हता, असे मी म्हणू शकत नाही. निजामाचे राज्य गेल्यावर पुढच्या वर्षी लग्न झाले. सून पाहायला तुम्ही नव्हता. ती काय गाते ते तुमच्या कानावर कधी पडलेच नाही.

आता कालचे. गाणे रेडिओवर दुसऱ्या कडव्याशी आले तेव्हा माझी पत्नी स्वयंपाकघरात डाळ निवडत होती. लग्नानंतर ती फारशी गायली नाही, पण हे गाणे लागले की गुणगुणते. गायिका तिसरी ओळ पुरी करीत होती, आणि हिने चार सूर घेऊन चौथी ओळ संपवलीही होती. ती थांबली, ऐकले, आणि म्हणाली, "ह्या बाई मधेच काहीतरी भलतं घुसडायल्यात. नीट शिकल्या न्हाईत वाटतं."

विद्यार्थ्याची एका शब्दाची चूक मी सोडत नाही, हे सारे महाविद्यालय जाणते. मी म्हणालो, "असेल."

तेव्हा दुरुस्ती अशी. मुलगी दुसऱ्या कडव्यापर्यंत गायली. तिला थांबवू नका असे मीच म्हणालो. पायरी तुमची होती आणि मी ती बरोबर ठरवली. तुमचा अंदाज चुकला नव्हता.

हा कागद मी टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवणार आहे. पत्नीच्या हाती तो पडला, तर गाण्यात दीड ओळ कमी आहे हे तिला समजेल, आणि ती मला ते शब्द विचारील. मला ते येतात. ते तिला सांगण्याची माझी इच्छा नाही.

तुमचा भाचा
धाराशिव, मार्गशीर्षातला दुसरा सोमवार