चाकाची तहान

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायचा तर मला आधी तुझे हात आठवावे लागतात. एरंडेलानं काळे झालेले, नखांत वंगण बसलेले. मग हळूहळू वर मनगट येतं, पाटल्या येतात, आणि सगळ्यांत शेवटी तू. मी लिहितेय म्हणून दचकू नकोस. माझ्या नातीनं शाळेत शिकलेली अक्षरं मला शिकवली, चुलीपुढच्या राखेत गिरवून घेतली. लिहिताना 'मले' नाही, 'मला' लिहायचं, असं तिनं बजावलंय, म्हणून ही एवढी साळसूद भाषा. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, ही कोण बाई बोलून राहिली. आता तीच नात पोटुशी आहे. परवा मी तिला आणायला अकोल्याला जाऊन आले, आगगाडीनं, आणि सगळ्या वाटेत मला तूच दिसत राहिलीस. तेही बसलेली नाहीस, बैलगाडीच्या धुरेवर उभी.

तुला त्या सालाची आठवण करून द्यायची गरज नाही. सात समुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली आणि आपल्या वऱ्हाडातला कापूस म्हणजे सोनं झाला. ज्याला त्याला वेड लागलं होतं. बानं सगळं वावर कापसाखाली घातलं. दरवर्षी बांधानं एरंडीची ओळ असायची, मधून अंबाडीचे तास असायचे, ते त्या वर्षी त्यानं पेरूच दिले नाहीत. तेवढ्या जागेत कापूस येईल म्हणाला. एरंडी नाही तर चाकाला वंगण कुठलं आणि अंबाडी नाही तर गाडीला दोर कुठला, हे भल्याभल्यांच्या ध्यानात आलं नाही. नुसता आपला बाच नव्हे, गावंच्या गावं चुकली. पुढे कापसानं लादलेल्या गाड्या चाकांच्या कोरड्या तुंब्यांवर किंचाळत अमरावतीकडे जायच्या आणि बाया दारात येऊन कानांवर हात ठेवायच्या. तू तेवढी न्हाणीच्या पाण्यावर एरंडीची चार झाडं राखली होतीस. बा हसायचा, म्हणायचा, हिचं वावर न्हाणीमागं हाये.

मी तेव्हा तिवशाकडे सासरी होते, सातवा महिना सरत आलेला. माझी थोरली जाऊ त्याच घरात, त्याच खोलीत बाळंतपणात गेली होती. तिला माहेर नव्हतं, म्हणून तिथंच ठेवली होती. तिची बाज अजून तिथंच होती आणि सासूबाई मला म्हणायच्या, नाहीच कोणी आलं तुझ्या माहेरचं, तर हीच खोली सारवून घेऊ. वाईट मनानं म्हणत नसत, पण मला धडकी भरायची. आठवा लागला की गर्भारणीला शिवेबाहेर काढत नाहीत. अमावास्या झाली की माझा आठवा लागणार होता. मला पाठचा-पुढचा भाऊ नाही. बा मोठी गाडी आणि चांगली जोडी घेऊन कापसाच्या खेपांवर गेलेला. कासाराजवळ तुला निरोप धाडला खरा, पण येणार कोण आणि कशानं, हे मला कळत नव्हतं. घरी उरला होता तो जुना छकडा, ज्यावर कोंबड्या बसत.

तू दिसण्याआधी तो छकडा ऐकू आला. उन्हं वर आली होती, मी अंगणात तूर पाखडत होते, आणि पांदीतून असा खडखडाट येऊ लागला की कुत्री उठून बसली. मग वळणावर ते दोन म्हातारे बैल, आणि कासरा धरून तू. बाईमाणूस गाडी हाकत चार गावांतून आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तू डोक्यावरचा पदर दातांत धरला होतास. तू छकडा आणून उभा केलास तो नेमका सासऱ्यांच्या दमणीशेजारी. तिच्या चाकांवर त्या साली त्यांनी चांदीचे पत्रे ठोकून घेतले होते. कापसाच्या पैशानं माणसं तसलं काय काय करत होती. दमणी उन्हात लखलखत होती, बैलांवाचून. बैल गेलेले कापसाला. आणि शेजारी तुझा छकडा, चाकाला जागोजाग पाचरी ठोकलेला, गोणपाटाच्या चिंध्या बाहेर आलेला. मी लाजले होते, माय. पण ते अगदी थोडाच वेळ, कारण पुढे तू जे केलंस त्यात लाज कुठे वाहून गेली ते कळलं नाही.

सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. "इहीणबाई, एवढ्या उनाच्या आल्या, पाणी तं घ्या."

तू तांब्या घेतलास, कपाळाला लावलास, आणि चाकाजवळ बसून सगळा त्याच्यावर ओतलास. कडेकडेनं, पाचरींवरून, लोखंडी धावेच्या आतल्या बाजूनं. लाकडानं ते पाणी गट्ट केलं.

"आनखी द्या," तू म्हणालीस. "हे लई तहानेलं हाये."

"अवं, तुमी नाई घेत?"

"लेकीले लेकरू झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी नाई पेत आमी. चाकाले कोनती लेक नाई, त्याले चालते."

सासूबाई हसल्या आणि घागरभर पाणी आणून दिलं. तू चाक फिरवून फिरवून भिजवलंस. घरच्या विहिरीवरून आपली घागर भरून छकड्यात बांधलीस. भाकर सोडली नाहीस की सावलीत बसली नाहीस. ऐन उन्हाच्या कशाला निघता, सांजेच्या निघा, असं सासूबाईंनी बजावलं. तू म्हणालीस, "अमुशाच्या आंधी शीव लागली पायजे."

वाटेत तू तुकड्या-तुकड्यानं सांगत गेलीस. आपल्या गावचा सुतार अमरावतीच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या बांधायला गेला होता, लोहार त्याच्याही आधी. सुतारावाचून दुसऱ्यानं चाकाला हात लावायचा नाही ही गावची रीत, म्हणून तू त्याच्या बायकोला जाऊन विचारलंस. ती म्हणाली, तो इथं नाही तर चाक काय त्याची वाट पाहत बसेल, लाव हात. मग तू बाभळीच्या पाचरी विळ्यानं तासल्यास. धाव आणि लाकूड यांच्यात ठोकल्यास, उन्हाळ्यानं लाकूड आकसून जी फट पडली होती ती भरायला. चाक रात्रभर गुरांच्या हौदात भिजत घातलंस. चार झाडांची एरंडी उकळून तेल काढलंस आणि त्याचे दोन वाटे केलेस. एकात चुलीची काजळी कालवून वंगण केलंस, ते बैलाच्या शिंगात भरून गाडीखाली टांगलंस. दुसरं मडक्यात बांधून ठेवलंस, माझ्या बाळंतपणासाठी. हे तू अशा सुरात सांगत होतीस की जणू पापड लाटले. मी हूं हूं करत होते, पण आतून पार थक्क झाले होते. तुला मी जन्मभर पाहिलं होतं आणि तू कोण आहेस हे मला ठाऊकच नव्हतं.

मग ती कोरडी नदी. अजून डोळे मिटले की मी तिथंच असते. वैशाखाचं ऊन, पात्रात पाण्याचा थेंब नाही, वाळूतून बैल छकडा ओढतायत आणि पलीकडच्या चढणीवर खण्ण असा आवाज येतो. तू उडी टाकतेस. धाव अर्धी सरकून चाकाबाहेर आलीय. चाक पुन्हा सुकलंय. मला खाली उतरवतेस, बैलांपुढे उभी करतेस, कासरा हातात देतेस. "हालू देऊ नको." मग दगडानं धाव ठोकत ठोकत आत बसवतेस, ओटीतून नव्या पाचरी काढून त्याही ठोकतेस. आता पाणी हवं, तेही लगेच, नाहीतर पाचरी गळून पडतील. पाणी फक्त त्या घागरीत. माझी जीभ टाळ्याला चिकटलेली.

तू आधी तांब्या माझ्यापुढे धरलास. "पोटभर पे. दोघायच्या वाट्याचं पे." मी प्याले. उरलेली घागर तू चाकावर ओतलीस, शेवटचा थेंब झटकून. तुझा हात ओला झाला होता. तो तू ओठांना लावला नाहीस, लुगड्याला पुसलास. तेव्हा माझ्या लक्षात आलं. घागर माझ्या सासरच्या विहिरीवर भरलेली. पाणी लेकीच्या घरचं. तू सकाळपासून घोटभर प्याली नव्हतीस.

"माय, कोनी पाहून नाई राहिलं. पे."

"मी पाहून राहिली न," तू म्हणालीस.

मागून कापसाच्या गाड्यांचा तांडा आला तो तेवढ्यात. पुढचा गाडीवान मुसलमान, दाढीला मेंदी लावलेला, अमरावतीचा. त्यानं गाडी थांबवली. चाक पाहिलं, तुला पाहिलं, मला पाहिलं. खांदा लावून छकडा उचलून धरला, म्हणजे तुला चाक फिरवून सगळीकडून पाचरी पाहता याव्यात. तुझ्या हातातला दगड निसटला. त्यानं आपल्या गाडीखालची कातड्याची छागळ सोडली.

"मावशी, पैले पानी पेऊन घ्या. चाक कुठी पळून नाई जात."

मी तुझ्याकडे पाहिलं. कातड्याचं पाणी, त्याच्या हातचं. आपल्या घरात असलं पाणी कोणी घेतलं नव्हतं. तू ओंजळ पुढे केलीस आणि प्यालीस. पुन्हा पुढे केलीस, पुन्हा प्यालीस, आणि पाणी तुझ्या हनुवटीवरून गळ्यात उतरलं. माझा चेहरा पाहून तू पदरानं तोंड पुसलंस.

"हे काई लेकीचं घर नोहे," तू म्हणालीस.

तो गाडीवान मोठ्यानं हसला. उरलेली छागळ त्यानं तुझ्या चाकावर रिकामी केली. अमरावतीपर्यंत आपला छकडा त्यानं त्याच्या तांड्याच्या मधोमध घेतला आणि प्रत्येक विहिरीवर खाली उतरून आधी तुझं चाक भिजवलं. मी कित्येक देवळं पाहिली पुढे, पण मान आपोआप खाली जावी असं मला त्या चढणीवर जे झालं ते पुन्हा झालं नाही. अमावास्येच्या आदल्या सांजेला आपण आपली शीव ओलांडली. तू खाली उतरून आधी बैलांच्या पाठीवर हात फिरवलास, मग चाकाच्या, मग माझ्या.

माझी लेक पायाळू आली, हे तुला सांगायला नको. तीच माझ्या या नातीची आई. सुईण हातपाय गाळून बसली होती. तू मडक्यातलं एरंडेल हाताला लावलंस आणि बाजेशी बसलीस. मला त्या वेदनेतही वास येत होता, चाकाचा आणि तुझा एकच वास. मी वाचले, ती वाचली. तिथं सासरी राहिले असते तर वाचले नसते, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

परवा बडनेऱ्याच्या ठेसनावर आगगाडी थांबली होती. इंजिनावर वरून एक भला मोठा नळ फिरवला आणि धो धो पाणी त्याच्या पोटात सोडलं. एवढं लोखंड, आग ओकणारं, आणि तेही तहानेलं. डब्यातली माणसं कंटाळली होती, मी मात्र खिडकीतून मान बाहेर काढून पाहत बसले, पाणी थांबेपर्यंत. तुला दाखवायला हवं होतं. तू खाली उतरून त्या नळवाल्याला नक्की सांगितलं असतंस की कडेकडेनं घाल.

हे पत्र लिहून झालं की ठेसनाच्या पेटीत टाकते म्हणून नात हात पुढे करून बसली होती. मग तिनंच विचारलं, आजी, पत्ता काय घालू. मी तिला पोथ्या वाचायला लावलं आणि कागद माझ्याजवळ ठेवला. तुझं वंगणाचं शिंग अजून माझ्याकडे आहे, मधल्या खांबाला टांगलेलं. हे त्यात ठेवीन.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. लेकीला आहे तेच नातीलाही, तिला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी आपल्याला चालत नाही, हे मीच सगळ्यांना ऐकवत आले. अकोल्याला तिच्या दारात पोचले, तिनं अवघडलेल्या पोटानं वाकून तांब्या पुढे केला, आणि सगळ्या बाया बघत होत्या. मी तो कपाळाला लावला. अंगणात कुठेच गाडी नव्हती, माय, चाक नव्हतं. मी ते पाणी पिऊन टाकलं, सगळं, आणि आणखी मागितलं. तुझ्याएवढी तहान मला कधी झेपली नाही.