सटीप शोकांतिका

४ सप्टेंबर, सोमवार

गेली! बाबांची आवृत्ती गेली!

ऑफिसात पाऊल ठेवलं आणि मालकांनी आत बोलावलं. माझ्यासाठी चहा मागवला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट येतंय. म्हणाले, "त्या जुन्या इंग्रजी शोकांतिकेची नवी आवृत्ती काढू या. संपादक नवे घेऊ." कोण? त्यांनी नाव घेतलं. बाबांचा पट्टशिष्य!

बाबा म्हणजे माझे सासरे. मी या प्रकाशनात नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून इथे त्यांची आवृत्ती निघतेय. सटीप, सप्रस्तावना. टिपा नाटकापेक्षा लांब. पोरं टिपाच पाठ करतात, नाटकाला कुणी हात लावत नाही.

पट्टशिष्य आता अभ्यासमंडळाचा अध्यक्ष झालाय. पुस्तक त्याचं असलं की नाटक अभ्यासक्रमातून हलणार नाही. मालकांचं गणित सरळ आहे.

"घरी तुम्हीच सांगा," मालक म्हणाले. "सुनेच्या तोंडून ऐकलं की माणसाला फारसं लागत नाही."

कुठल्या सासऱ्यावर प्रयोग करून पाहिलाय कोण जाणे!

६ सप्टेंबर

सांगणार होते. जेवण झाल्यावर सांगायचं असं अगदी ठरवलं होतं. तेवढ्यात बाबाच म्हणाले, "नवी आवृत्ती निघणार म्हणे?"

कुणीतरी अर्धीच बातमी पोचवली. निवृत्त माणसापर्यंत बातमी नेहमी अर्धीच येते!

किती खूश होते! "प्रस्तावना नव्यानं लिहायला हवी. या वेळी सगळ्यांना उत्तरं देतो. माझा हात कापतो, मी सांगीन, तू उतरवून घे."

आणि मी? मी कागद आणले. पेनसुद्धा त्यांना आवडतं तेच आणलं. धन्य माझी!

९ सप्टेंबर, शनिवार

नाटक तसं साधं आहे. एक राजा, एक राणी, राजाचा धाकटा भाऊ, विष, तलवारी, पाचव्या अंकात प्रेतांचा खच. लिहून शेकडो वर्षं झाली. कोणी लिहिलं यावरही एकमत नाही. त्या काळी ते दोनदा छापलं गेलं आणि ती दोन पुस्तकं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. पहिल्यात शेवटच्या पानावर रंगसूचना आहे — राणी मरते. दुसऱ्यात — राणी जाते.

झालं! एवढ्या एका शब्दावर बाबांची उभी हयात गेली.

बाबा 'मरते'वाले. पट्टशिष्यही आधी 'मरते'वालाच होता — पीएचडी मिळेपर्यंत. पदवी हातात पडली आणि साहेब 'जाते'वाले झाले. तेव्हापासून त्यानं आमच्या घराची पायरी चढलेली नाही. पूर्वी तो इथेच जेवायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजूनही विचारतात, "तो दोनदा भात घेणारा हल्ली दिसत नाही?"

आईंना मी एकदा हा वाद समजावून सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मेली काय नि गेली काय, आपल्याला दोन्ही वेळचा स्वयंपाक चुकत नाही."

१३ सप्टेंबर

दिवसभर ऑफिसात पट्टशिष्याची प्रूफं तपासते. संध्याकाळी घरी बाबांची प्रस्तावना उतरवून घेते.

त्याच्याकडे 'काही जुन्या वळणाचे संपादक' आहेत. बाबांकडे 'काही अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले अभ्यासक' आहेत. कोण कोणाला म्हणतंय हे पृथ्वीवर फक्त मला ठाऊक!

आज बाबांनी एक वाक्य इतकं झकास सांगितलं की वाटलं, हे त्याच्या प्रस्तावनेत टाकलं तर तिला जरा तेज येईल. वेड लागायची वेळ आलीय.

नवऱ्याला म्हटलं, तू सांग. तुझे वडील आहेत.

"पण ऑफिस तुझं आहे," म्हणाला, आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. सकाळी एकदा झाली होती.

१९ सप्टेंबर

आजही नाही सांगितलं.

२३ सप्टेंबर, शनिवार

पट्टशिष्य प्रस्तावनेत लिहितो की दोन्ही जुन्या छापील प्रती त्यानं परदेशी ग्रंथालयात, 'हातमोजे घालून, पान न् पान उलटून' पाहिल्या. हातमोज्यांवर दोन परिच्छेद आहेत. थंडी किती होती तेही आहे.

पण माणूस हुशार, हे मान्य करावं लागेल. चौथ्या अंकात राणी राजाला 'माय लार्ड' म्हणते. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. त्यावर ह्यानं अख्खं पान खर्ची घातलंय — 'या एका शब्दात सत्तेचं सुटलेलं पोट, राणीची घुसमट आणि सरंजामशाहीचा अंत एकवटला आहे.' बाबांच्या आवृत्तीत यावर अवाक्षर नाही! वाचून मी थक्क झाले. समासात पेन्सिलीनं 'छान!' लिहिलं. मग बाबांचा चेहरा आठवला आणि आपण फितूर झालोय असं वाटलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

संपलं.

मी बाजारात होते. मालकांनी घरी फोन केला, तो बाबांनी घेतला. "सूनबाईंना सांगा, नव्या संपादकांची प्रूफं उद्या हवीत." नव्या संपादकांचं नावही सांगितलं. वर म्हणाले, "तुम्हाला बोलल्याच असतील त्या."

मी आले तेव्हा बाबा खिडकीपाशी बसलेले. शांत. म्हणाले, "प्रस्तावनेतलं शेवटचं वाक्य कालचं अर्धं राहिलंय. पूर्ण करायची गरज आहे का?"

 पिशवी हातात तशीच.

"त्याचं मला काही वाटत नाही," बाबा म्हणाले. "त्याला खुर्ची मिळाली, त्यानं पुस्तक घेतलं. मीही माझ्या आधीच्या संपादकाला असाच बाजूला सारला होता. पण तू! रोज समोर बसून लिहून घेत होतीस. मध्येच विचारायचीस — बाबा, इथे स्वल्पविराम देऊ का?"

 खरंच विचारायचे मी.

३ ऑक्टोबर

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईंच्या मार्फत बोलतात. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते आणि ते आईंना म्हणतात, "तिला म्हणावं, पंखा बंद कर."

आज आई भडकल्या. "मी काय टपाल आहे? ती समोर बसलीय, तुम्हाला तोंड आहे, तिला कान आहेत. आणि पंख्याचं बटण तुमच्याच डोक्याशी आहे."

बाबांनी उठून पंखा बंद केला. नवरा पेपरात तोंड खुपसून बसलेला. पेपर कालचा होता.

७ ऑक्टोबर, शनिवार

शेवटची प्रूफं छपाईला जायची होती. धीर केला, घरी आणली आणि बाबांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "बोलू नका माझ्याशी. पण हे नाटक तुमच्याइतकं कुणाला येत नाही. चुका राहिल्या तर नाटकाचं वाईट होईल. त्याचं नाही, माझंही नाही."

बाबांनी बघितलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं भिंगाच्या डबीचं झाकण वाजलं.

आणि मग — हसणं! बाबांचं हसणं! आई लाटणं घेऊन बाहेर धावल्या, वाटलं ठसका लागला. बाबांच्या डोळ्यांत पाणी, बोट 'लार्ड'वर, शेजारी त्यांची स्वतःची आवृत्ती उघडलेली.

"अगं, लॉर्ड! माय लॉर्ड! स्वामी! एक अक्षर फिरलंय छापताना. हे बघ, माझ्याच आवृत्तीत फिरलंय! ह्यानं कसले हातमोजे घातले? ह्यानं माझं पुस्तक समोर ठेवून टाइप करून घेतलंय! सरंजामशाहीचा अंत म्हणे!"

आम्ही तिघंही हसलो. मी जरा जास्तच, कारण ते 'छान!' माझ्या अक्षरातलं होतं आणि बाबांचा अंगठा नेमका त्याच्यावर होता.

मग ते हळूहळू थांबले. भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे ही चूक माझ्या पुस्तकात इतकी वर्षं आहे," म्हणाले. "इतकी पोरं परीक्षेला बसली. इतक्या मास्तरांनी शिकवलं. एकानंही कळवलं नाही, की सर, इथे काहीतरी चुकलंय." मग — "मलाही दिसलं नाही. मीसुद्धा टिपाच वाचत होतो."

आई लाटणं घेऊन आत गेल्या.

९ ऑक्टोबर, सोमवार

मला वाटलं होतं, बाबा आता गंमत बघतील. छापू दे, तोंडावर पडू दे. मी तर मनातल्या मनात परीक्षणंसुद्धा लिहून काढली होती!

सकाळी मलाच म्हणाले, थेट मला, "त्याचा नंबर लाव. सावध करायला हवं. पोरगा हसं करून घेईल."

लावला. फोनचा आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"अरे, ती छपाईची चूक आहे. माझ्याच आवृत्तीतली. टीप काढून टाक."

 मग पट्टशिष्य अगदी मऊ आवाजात — "सर, जुन्या प्रती मी प्रत्यक्ष पाहिल्यात. त्यातही लार्डच आहे. तुमच्या काळात त्या शब्दाचं सामाजिक अंग कुणाच्या लक्षात आलं नसेल."

बाबा म्हणाले, "एकदा हातमोजे काढून बघ," आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळले. "चहा टाकतेस? आणि ऐक, ते 'छान' खोडून टाक. कुणी बघितलं तर घराण्याची अब्रू जायची."

१० ऑक्टोबर

मालकांना सगळं सांगितलं. म्हटलं, अशी टीप छापली तर वाचक काय म्हणतील?

"वाचक?" मालकांनी चष्मा काढला. "ते कुठून आणलेत तुम्ही?"

टीप राहिली. संपादकाचा शब्द अखेरचा. 'छान' मात्र खोडलं, चांगलं रबर झिजेपर्यंत.

१८ नोव्हेंबर, शनिवार

प्रकाशन समारंभ. बाबा येणार नाहीत असं धरून चालले होते. ते इस्त्रीचे कपडे घालून माझ्या आधी दारात उभे!

पाहुण्यांनी नाटक 'दोन वेळा' वाचल्याचं सांगितलं आणि राजाच्या धाकट्या भावाला मुलगा म्हणत राहिले. कुणी हललं नाही. मग ते 'लार्ड'वर आले. संशोधन कसं असावं याचा हा वस्तुपाठ, वगैरे. टाळ्या. सगळ्यात मोठी टाळी बाबांची. पट्टशिष्यानं व्यासपीठावरून एकदाच आमच्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ पाणीच पीत राहिला.

नंतर जिन्यात समोरासमोर आले. तो काहीतरी पुटपुटला. बाबांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "बांधणी छान झालीय."

 रिक्षा घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "फार खंगलाय गं. जेवतो की नाही कोण जाणे."

५ डिसेंबर, मंगळवार

अभ्यासमंडळ बदललं. पट्टशिष्याची खुर्ची गेली, आणि नाटकही अभ्यासक्रमातून काढलं. कायमचं. मालकांनी सगळे गठ्ठे दुपारीच गोदामात ढकलले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात पट्टशिष्य. नुसता उभा.

बाबा उठले, दार पूर्ण उघडलं. "ये. हे नाटक वाचणारे आता आपण दोघंच उरलो."

मी आतून माझ्यासाठी तिसरी खुर्ची आणली.