सुनंदाताईंचे दोन हात

मंगळवार, संध्याकाळ. राहनाळ

लॅबचा रिपोर्ट आला. सनस्क्रीनच्या ट्यूबवर एसपीएफ पन्नास छापलंय, आत त्याच्या निम्माही नाही.

आमच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला असणाऱ्या सुनंदाताईंनी आठवडाभर एकाच हाताला ते लावून उन्हात गाड्या भरल्या. दोन्ही हात सारखेच काळवंडले. तेच हात त्यांनी साहेबांपुढे धरले.

"तपासणीचे कागद बरोबर आहेत," साहेब म्हणाले.

"कागदाला ऊन न्हाय लागत. तपासून घ्या."

त्यांची नोकरी गेली असती तर? मी क्वालिटीचा माणूस, पण नुसते कागद बघून सही केलेली.

आज साहेबांनी माल अडवला. मी हे सांगायला गेलो, तर ताई म्हणाल्या, "आन् पहिली गाडी गेली, तिचा काय?"

मला सुचलंच नव्हतं. लगेच फोन लावला, गाडी परत मागवली.