एरन

प्रिय ठमे,

पत्र फाडू नकोस गं. आधी शेवटपर्यंत वाच, मग हवं तर माझ्या नावानं बोटं मोड. तुला जाऊन नऊ दिवस झाले. घरात सगळं जागच्या जागी आहे, तुझी उशीसुद्धा. मीच तेवढी ठिकाणावर नाही. काल छापखान्यात एक अख्खं पान तपासलं, एकही चूक सापडली नाही. साहेबांनी पाहिलं तर अकरा होत्या.

तू टेबलावर ठेवलेली चिठ्ठी पर्समध्ये घेऊन फिरतेय. चिठ्ठी कसली, एकच शब्द. ‘एरन’. आपण लहानपणी रचलेल्या एल्फांच्या भाषेतला. चौकीत हवालदारांनी विचारलं, बाई, याचा अर्थ काय? आणि ती भाषा रचणारी मी म्हटलं, मलाच ठरवता येत नाही.

आठवतं? तू दहाची, मी चौदाची. टोकदार कानांचे ते लोक तुझे, व्याकरण माझं. मीच फर्मान काढलं होतं, की हजार वर्षांत शब्दाच्या सुरुवातीचा प आणि क झिजतो, आधी त्याचा ह होतो, मग तोही उडतो. ‘पालू’ म्हणजे दिवा. त्याचा झाला हालू, मग आलू. आई म्हणाली, हजार वर्षं खपून शेवटी बटाटाच काढलात होय! पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

मग तूच अडलीस. ‘पे’ म्हणजे जवळ, ‘के’ म्हणजे लांब. ‘पेरन’, माझ्यामागे ये. ‘केरन’, माझ्यामागे येऊ नकोस. दोन्हींचं झालं ‘एरन’. ताई, मग कळणार कसं, म्हणालीस. मी दीडशहाणी! म्हटलं, नियम म्हणजे नियम. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की कळतं.

आणि तू गेलीस त्या सकाळी समोर बसून म्हणालीस, ताई, बाळ गेल्यापासून कशात जीवच लागत नाही गं. मी तपासायला आणलेल्या मुद्रितांवरून मान वर केली नाही. होईल सगळं नीट, म्हटलं, चहा गार होतोय. तेव्हा तुझं तोंड कसं होतं, मला माहीतच नाही. ठमे, मी बघितलंच नाही.

चष्म्याच्या दुकानातली तुझी मैत्रीण पत्ता देत नाही. तू जेवत नाहीस, एवढंच तिच्या तोंडून निसटलं. मी अक्षरशः तिच्या पाया पडले, तेव्हा कुठे हे पत्र पोहोचवायला कबूल झाली. दुकानाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. तुझी समजूत घालायला नाही, तो अधिकार मी घालवला. सोबत कोरा कागद आणि पेन्सिल ठेवलीय. त्या शब्दाचं उडालेलं पहिलं अक्षर तेवढं लिहून पाठव. क असेल तर मी मुकाट्यानं घरी जाईन. प असेल तर चपला पायातच आहेत. पण काहीतरी लिही गं, कोरा कागद मला वाचता येणार नाही.

तुझीच,
ताई