ग्राइंडरचा टेकू

कराड, ४ ऑगस्ट २०२४

चि. मतीन यास आपाचे अनेक दुवा.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. पत्राला मीटिंग लागत न्हाई.

अब्बांच्या माघारी धारेचं दुकान मी चालवतीय, तवापासून कवा बोट कापलं नव्हतं. ते काम परवा तू पसंत केलेल्या ग्राइंडरनं केलं. त्याच्या चाकापुढं हत्यार टेकवायचा टेकू हाय, तो म्हंजे नुसता पापड. मेढ्याच्या एका बाईंचा विळा धरला, पत्रा वाकला, विळा चाकात खेचला गेला आन उडून भिंतीत रुतला. अंगठ्याचं नख त्याच्यासंगं गेलं. वीतभर हिकडं आला असता तर हे पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं.

तू कॉलेजात पोरांना वर्कशॉप शिकवतोस म्हणं. मग बहिणीला जाड लोखंडाचा टेकू करून दे, चाक झिजंल तसा पुढं सरकवता येणारा. रुमानाला दुवा सांग. तुझ्याशी संसार करतीय, तिला लागतील.

तुझी खैर मागणारी,
जैनबआपा

सांगली, १२ ऑगस्ट

ती. जैनबआपा यांस मतीनचा सलाम वि. वि.

नख गेलं, वाईट झालं. जीभ शाबूत आहे हे पत्रावरून कळलं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढून सोबत पाठवलंय. तीन रंग, सतरा भाग. प्रत्यक्ष बनवायला परवानगी आणि सवड लागते, दिवाळीनंतर बघू.

खरं सांगू? तू आता बावन्न वर्षांची. स्टँडजवळ बसून कात्र्या घासणं पुरे. इथं येऊन राहा. परवा स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, कराडची ती धारवाली तुमची कोण. मी विषय बदलला. रुमाना म्हणते हे लिहू नका. लिहिलं.

लोभ आटू देऊ नकोस.
मतीन

कराड, १ सप्टेंबर

चि. मतीन यास दुवा.

ड्रॉइंग पोचलं. लय सुंदर. सतरा भागांत माझा अंगठा कुठं ठेवायचा, तेवढं न्हाई.

मग मीच केला. भंगारातनं जाड अँगल आन आठ मिलीमीटरची पट्टी आणली. अँगलच्या बुडात लांब खाच पाडली, म्हंजे बोल्ट ढिला केला की टेकू चाकाकडं सरकतो. ग्राइंडरच्या पत्र्याला न्हाई, थेट टेबलाला कसला. वेल्डिंग शेजारच्या धुळा वेल्डरनं केलं. त्या गड्यानं कॉलेज बाहेरनंच बघितलंय, म्हणून हात चालतो. पहिल्या दिवशी थरथरीनं नट सुटून टेकू मागं आला. मग नटावर दुसरा नट आवळला, तवा गप बसला. चाकात आन टेकूत दोन मिलीमीटरची फट. आता विळा काय, त्याचा बापबी आत जात न्हाई. फोटो रुमानाच्या मोबाइलवर धाडलाय.

स्टाफरूमला सांग, बहीण मेली. फातिहाला बोलव त्यांना, बिर्याणी मी येऊन करीन.

जैनबआपा

सांगली, २२ सप्टेंबर

ती. आपास सलाम.

कॉलेजात प्रदर्शन होतं. तू धाडलेला फोटो बघून मी तसाच टेकू केला आणि खाली माझं नाव लावलं. रुमानानं बोलणं सोडलं. दुसरा नट उगाच वाटला, दिसायलाही बरा नव्हता, म्हणून काढला.

परीक्षक एक जुने फोरमन. त्यांनी ग्राइंडर चालू करून छिन्नी टेकवली. टेकू सरकला, छिन्नी अडकून उडाली आणि पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीला लागली. त्यांनी चाक बंद केलं आणि विचारलं, हे कुणाचं डोकं. हॉल भरलेला, आमचा सगळा स्टाफ समोर. मी सांगितलं की टेकू माझ्या थोरल्या बहिणीचा, ती कराडला स्टँडजवळ धार लावते, आणि नट काढण्याचं डोकं तेवढं माझं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फोरमन म्हणाले, वर्कशॉपसाठी तिच्याकडूनच सहा करून आणा. करशील का? माफी मागायला तोंड नाही.

तुझा
मतीन

कराड, २६ सप्टेंबर

मतीन,

दुवा मागनं देते, आधी ऐक. नाव चोरलंस, ते एक वेळ सोडीन. नट काढलास, ते न्हाई. त्या खुर्चीत कुणाचं तरी लेकरू बसलं असतं म्हंजे? रोज पोरांना शिकवतोस ना रं?

सहा टेकू करते. पण तू रविवारी पहिल्या एसटीनं ये. सहाच्या सहा खाचा तू कानशीनं घासायच्या, मशीन मिळणार न्हाई. संध्याकाळपतुर तळहाताला फोड येतील. रुमानालाबी आण, तिला बघू दे.

मटण मी करून ठेवते. घास धरता आला न्हाई, तर भरवीन.

आपा